फरार झालेल्या सैनिकाचं नाव गावच्या फलकावर असावं का?

माणगंगा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं गाव माण तालुक्यात. पाऊस कमी आणि फौजी जास्त, अशी आमच्या पट्ट्याची ओळख. गावातल्या माजी सैनिकांनी ग्रामपंचायतीसमोर एक ग्रॅनाइटचा फलक बसवायचं ठरवलंय. ६२, ६५ आणि ७१ च्या लढायांत असलेल्या गावकऱ्यांची नावं त्यावर येणार. वर्गणी झाली, जागा ठरली, यादी झाली आणि एका नावावर गाडं अडलं.

त्यांना इथे तात्या म्हणतो. नात्याने माझे चुलत आजोबा. मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते, पलटणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ७१ ला पूर्वेकडे होते. ७२ च्या अखेरीला सुट्टीवर आले ते परत गेलेच नाहीत. दुष्काळ होता. घरात म्हातारी आई, लहान भावंडं, दावणीची जनावरं मिळेल त्या भावाला विकलेली. तात्या मुंबईला मशीद बंदरात हमाली करायला लागले, तेही दुसऱ्या नावाने. पोलीस घरी येऊन जायचे, पोलीस पाटील मान खाली घालून उभा असायचा. बऱ्याच वर्षांनी ते गावी परतले, शेती केली आणि गेले.

आता त्यांच्या मुलाचं म्हणणं, बाप लढाईत होता, नाव पाहिजे. कमिटीचे अध्यक्ष स्वतः निवृत्त सुभेदार. ते म्हणतात, "भगोड्याचं नाव माझ्या नावाशेजारी येणार असेल तर माझं खोडा."

माणूस नंतर पळाला म्हणून त्याने आधी लढलेली लढाई वजा होते का? गावात कोणाला विचारलं तरी उत्तर भावकी बघून मिळतं, म्हणून इथे विचारतोय.

चहाटळ

पहिला! विषय गंभीर आहे, तेव्हा कोपऱ्यात चहा घेऊन बसतो.

आडमुठा

यात विचारण्यासारखं काय आहे? नको. वीस वर्षं प्रामाणिकपणे काम करून एकविसाव्या वर्षी तिजोरी घेऊन पळालेल्या कॅशियरचा फोटो बँक भिंतीवर लावते का?

सुगरण_नाही_मी

@आडमुठा, तात्यांनी तिजोरी नेली नाही हो. स्वतःला घेऊन गेले.

माझे वडील फौजेत होते, म्हणून थोडं लिहिते. बाबा सुट्टीवर आले की शेवटच्या आठवड्यात घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. आई लाडू वळत असायची, बाबा काळ्या ट्रंकेत कपडे लावायचे आणि दर वेळी एकदा तरी म्हणायचे, "तार करू का, सुट्टी वाढवून मिळते का बघू." कधी केली नाही. पण मनात येत होतंच. ज्याच्या घरात खरंच दाणा नव्हता त्याच्या मनात काय काय आलं असेल, ते मी तरी तोडून टाकणार नाही.

निवृत्त_हवालदार

मी ८४ ते २००१ सिग्नल्समध्ये होतो. दोन्ही बाजू कळतात, तरी आधी फौजेची सांगतो.

सुट्टी संपली आणि माणूस आला नाही, तर लगेच कोणी त्याला भगोडा म्हणत नाही. गाडी चुकली असेल, आजारी असेल, घरात मयत झाली असेल. युनिट वाट बघतं. पोलिसांकडे, जिल्ह्याच्या कार्यालयाकडे त्याला पकडायचं पत्र जातं, तेच घेऊन पोलीस घरी येतात. तीस दिवस उलटले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, त्याच्याकडच्या सरकारी सामानाची मोजदाद होते आणि मग कागदावर फरार. तोपर्यंत दरवाजा उघडा असतो. स्वतःच्या पायाने परत आलेल्यांना सीओंनी, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरने, अठ्ठावीस दिवसांची कोठडी देऊन पुन्हा कामाला लावलेलं मी पाहिलंय. तात्या परत गेले असते तर बहुधा शिक्षा भोगून पेन्शनीला लागले असते. नाही गेले.

आता सुभेदारसाहेबांच्या बाजूने. एक माणूस कमी झाला म्हणून गार्डची ड्यूटी कमी होत नाही. त्याच्या वाटची रात्रीची दोन ते चार कोणीतरी उभा राहतोच. तो कोणीतरी सुट्टीवर जायचा असेल, तर त्याचीही सुट्टी लांबते. पळालेल्याबद्दल राग येतो तो देशभक्तीबिक्ती मोठ्या शब्दांतून नाही, या दोन ते चारमधून येतो.

तरी तात्यांनी ७१ मध्ये जी गार्ड दिली असेल, ती दिलीच. ती परत कशी घेणार, हे मला कळत नाही.

आडमुठा

@हवालदार काका, प्रतिसाद आवडला. मत तेच.

बखरबहाद्दर

मराठी संस्थळावर हा प्रश्न आला आणि अजून कोणी नेताजी पालकरांचं नाव काढलं नाही, याचं आश्चर्य वाटतंय.

हा स्वराज्याचा सरनोबत. १६५९ ला अफजलखान पडल्यावर खानाची फौज मोडून काढणाऱ्यांत पुढे, आणि नंतर विजापूरच्या मुलखात खोलवर धडक मारणारा. लोक प्रतिशिवाजी म्हणायचे. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या हल्ल्याला वेळेवर पोचला नाही, हल्ला फसला, महाराजांनी सरनोबती काढून घेतली. गडी उठला आणि विजापूरकरांकडे गेला. तिथून मिर्झाराजांनी त्याला मोगलांकडे ओढलं. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने त्याला पकडवून दिल्लीला नेलं. धर्मांतर झालं, मुहम्मद कुलीखान नाव मिळालं, काबूलकडे रवानगी झाली. १६७६ मध्ये परत आला आणि महाराजांनी त्याला पुन्हा धर्मात घेतलं.

आता बघा. साडेतीनशे वर्षांत कोणी म्हणालं का, की तो मोगलांना मिळाला म्हणून ५९ सालची दौड खोटी? प्रतिशिवाजी हे बिरुद कोणी काढून घेतलं का? उलट शाळेत आपण आधी प्रतिशिवाजी शिकतो आणि बाकीची भानगड कॉलेजात गेल्यावर कळते.

चहाटळ

म्हणजे पळायचंच असेल तर आधी सरनोबत व्हावं. शिपायाला ही सवलत नाही.

बखरबहाद्दर

@चहाटळ, थट्टेत बोललात पण मुद्दा तोच आहे. मोठ्या माणसाच्या आयुष्यात प्रकरणं असतात. शिपायाच्या वाट्याला एकच ओळ येते.

कृष्णाकाठचा_गडी

नेताजी परत आला हो! तिथंच सगळा फरक हाय. परत आल्याला आपल्यात माफी असतीया. तुमचं तात्या परत गेलं न्हाईत.

आन दुसरं. नेताजी पळाला का त्याला घालवला? सरनोबती काढल्याव तो काय महाराजांचा नोकर ऱ्हायला व्हता का? तात्याला तर कुणी काढलं नव्हतं.

बखरबहाद्दर

@कृष्णाकाठचा_गडी, दुसरा मुद्दा बिनतोड आहे. बडतर्फ केलेला माणूस दुसरीकडे चाकरी धरतो, त्याला आजच्या अर्थाने फरारी म्हणता येणार नाही. त्या काळी घोडं आणि बारगीर घेऊन धनी बदलणं सरदारांत नवं नव्हतं. तरी महाराजांच्या दरबारी त्याचा हिशेब व्हायचाच. अफजलखानाला मिळालेल्या खंडोजी खोपड्याचं काय झालं ते आठवा. कान्होजी जेध्यांनी शब्द टाकला म्हणून जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय गेला.

सह्याद्रीचा_सूर

असा न्याय लावायचा तर मग दिलेरखानाच्या गोटात कोण कोण गेलं होतं तेही...

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. त्या विषयावर आधीचे तीन धागे कुलूपबंद आहेत, चौथा नको. कृपया मूळ विषयावर राहावे.

थेम्सकाठी

हाच वाद इंग्लंडमधल्या एका गावात झालेला आहे, म्हणून लिहितो.

केंट परगण्यात शोरम नावाचं लहानसं गाव आहे. तिथला टॉमस हायगेट पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच फ्रान्सला गेला. मॉन्सच्या लढाईनंतर इंग्रज फौज माघार घेत होती. सप्टेंबर १९१४ मध्ये हा पोरगा एका गोठ्यात साध्या कपड्यांत सापडला. ६ तारखेला खटला, ८ तारखेला गोळी. पळून गेल्याबद्दल त्या युद्धात गोळी घातलेला तो पहिला इंग्रज सैनिक. विशीसुद्धा गाठली नव्हती.

२००० साली गावाने युद्धस्मारकाची पाटी बदलायला घेतली, तेव्हा हायगेटचं नाव घालायचं का यावर मतदान झालं. नाव नको असं ठरलं. पण पाटीवर एका नावाची जागा मोकळी सोडली, पुढच्यांना वाटलं तर घालतील म्हणून. गंमत म्हणजे फ्रान्समधल्या सरकारी स्मारकावर, ला फर्ते-सू-जुआरला, त्याचं नाव कोरलेलं आहे. सरकारने घेतलं, गावाने नाही.

२००६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून त्या युद्धात पळाल्याबद्दल, भित्रेपणाबद्दल आणि तत्सम गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना माफी दिली. त्यातले कितीतरी जण आधी महिनोन्‌महिने खंदकात लढलेले होते.

माणगंगा

@थेम्सकाठी, हे फारच जवळचं आहे. मोकळ्या जागेची कल्पना कमिटीत सांगून बघतो. पण आमच्याकडे मोकळी जागा ठेवली तर पुढच्या निवडणुकीत सरपंचाचं नाव येईल.

चहाटळ

आणि खाली 'सौजन्य' म्हणून दोन नगरसेवक.

माणगंगा

ग्रामपंचायतीत नगरसेवक कुठले राव.

चहाटळ

येतात. फलक म्हटला की येतात.

न्यूजर्सीकर

आमच्याकडचं उदाहरण याहून विचित्र. बेनेडिक्ट अर्नोल्ड हा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला जबर लढवय्या सेनानी, पुढे इंग्रजांना फितूर झाला. इथे त्याचं नाव म्हणजे शिवी. पण १७७७ मध्ये साराटोगाच्या लढाईत त्याने पाय फोडून घेऊन लढत जिंकायला मोठा हातभार लावला होता, ते पुसायचं कसं? म्हणून १८८७ मध्ये तिथे एक स्मारक उभारलं. त्यावर दगडात कोरलेला फक्त बूट आहे. या जागी एक शूर सैनिक जखमी झाला वगैरे मजकूर आहे, नाव कुठेच नाही. पाय देशभक्त, बाकीचा माणूस गद्दार.

कृष्णाकाठचा_गडी

आयला. तात्याचा बूट सापडंल का गावात?

वकीलीणबाई

सगळे भावनेवर आणि इतिहासावर बोलतायत, म्हणून कायदा काय सांगतो ते लिहिते. कामाचं आहे, जरा धीर धरून वाचा.

आर्मी ॲक्ट १९५० मध्ये कलम ३८ फरारीचं आणि ३९ विनापरवाना गैरहजेरीचं. युद्धसेवेवर असताना किंवा तिचा हुकूम निघालेला असताना पळालं तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा, एरवी सात वर्षांपर्यंत. गैरहजेरीला तीन वर्षांपर्यंत. दोन्हींतला फरक आहे परत न जाण्याच्या इराद्याचा. सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये एका कॅप्टनच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय, की नुसतं गैरहजर असणं म्हणजे फरार होणं नव्हे. तात्यांनी दुसरं नाव घेतलं, त्यामुळे इराद्याबद्दल वाद घालायला जागा फार नाही.

आता धाग्याचा प्रश्न. पेन्शनच्या १९६१ च्या नियमावलीत नियम ११३ होता: आर्मी ॲक्टखाली बडतर्फ झालेल्याला आधीच्या *सगळ्या* सेवेबद्दल पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी नाही. अपवाद म्हणून राष्ट्रपतींच्या मर्जीने मिळू शकते. म्हणजे पैशाच्या हिशेबात आधीची सेवा खरोखरच शून्य होते.

पण त्याच कायद्यात उलट्या दिशेचीही तरतूद आहे. कलम १२२ वाचा. एरवी लष्करी खटल्याला तीन वर्षांची मुदत, फरारीला ती नाही, कधीही धरा. अपवाद असा, की युद्धसेवेवरून पळालेला नसेल, अधिकारी नसेल आणि पळाल्यानंतर पुन्हा सैन्यात येऊन त्याने सलग तीन वर्षं उत्तम नोकरी केली असेल, तर त्या जुन्या फरारीबद्दल खटला भरता येत नाही.

म्हणजे नंतरची चांगली सेवा आधीची फरारी झाकते. आधीची चांगली सेवा नंतरची फरारी झाकत नाही. क्रम उलटा झाला की माणूस गेला.

सुगरण_नाही_मी

@वकीलीणबाई, दंडवत. हे शेवटचं वाचून थांबलेच. दोन्ही माणसांनी तेवढीच वर्षं काढली, तेवढंच चुकले. फक्त कोणतं आधी आणि कोणतं नंतर.

निवृत्त_हवालदार

त्यात फौजेचं गणित आहे ताई. फौजेला माणूस उद्याच्या कामासाठी हवा असतो. पळून परत आलेला उद्याही कामाला आहे. लढून पळालेला नाही. कायदा गुणवत्ता मोजत नाही, हजेरी मोजतो.

पण गावचा फलक काही हजेरीपट नाही.

बखरबहाद्दर

इंग्रजांनी यावर बराच घोळ घातला होता. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे त्यांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, परत घ्यायची सोय त्यांनी ठेवली होती आणि १८६१ ते १९०८ मध्ये आठ जणांचे काढून घेतले. बहुतेक चोरीमारी, एक द्विभार्या. टॉमस लेन नावाच्या एकाने १८६० मध्ये चीनमधल्या ताकू किल्ल्यावर तो मिळवला होता. १८८१ मध्ये युद्धसेवेवरून पळाला, घोडा आणि हत्यारं घेऊन पळाला म्हणून पदक गेलं. पुढे पंचम जॉर्जला हे पटेना. १९२० मध्ये त्याच्या खाजगी सचिवाने लिहून कळवलं, की खुनाबद्दल फाशी जाणाऱ्यालाही तो क्रॉस छातीवर लावून फासावर चढता आलं पाहिजे. त्यानंतर कोणाचा काढलेला नाही.

आपल्याकडेही शौर्यपदक रद्द करायचा अधिकार राष्ट्रपतींना आहे, रद्द केलेलं परत द्यायचाही.

आडमुठा

राजाला सांगायला काय जातंय? त्याला कुठे रात्री दोन ते चार उभं राहायचं होतं.

सह्याद्रीचा_सूर

मग आझाद हिंद सेनेचं काय? इंग्रजांच्या दप्तरी ते सगळे शपथ मोडलेले. लाल किल्ल्यातल्या खटल्यात सहगल, धिल्लन, शाहनवाज यांची जन्मठेप माफ झाली, पण बडतर्फी आणि थकलेल्या पगाराची जप्ती कायम राहिली. स्वातंत्र्यानंतरही आपल्या सैन्याने त्यांना परत घेतलं नाही. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू झाली तेव्हा कुठे त्यांची सोय लागली. आज त्यांना फरारी म्हणायची कोणाची छाती आहे?

वकीलीणबाई

@सह्याद्रीचा_सूर, त्यांनी एका फौजेतून दुसऱ्या फौजेत जाऊन लढाई केली. तात्या बंदरात पोती उचलायला गेले. ही तुलना तात्यांनाही मानवली नसती.

संपादक मंडळ

आझाद हिंद सेनेवर स्वतंत्र धागा काढावा, स्वागत आहे.

माणगंगा

परवा अध्यक्षांच्या घरी जाऊन आलो. फलकाचं काढल्यावर आधी चिडले, मग चहा झाल्यावर बोलले. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो, कारण इथे त्यांची बाजू कमी पडतेय असं वाटलं.

"७२ ला मीबी सुट्टीवर होतो. तुझा तात्या आणि मी एकाच एसटीने साताऱ्याहून आलो. माझ्या घरातबी बैलं विकली होती. आई आणि बायको खडी फोडायला जात होत्या, लाल मिलो खात होत्या, पोरांना सुकडी मिळायची तेवढीच. माझी सुट्टी संपली तवा आईनं हात धरला. मी हात सोडवला आणि गेलो. पगार सगळा मनिऑर्डरने घरी. तात्याचं घर उपाशी होतं म्हणून त्याला माफ करायचं, मग मी गेलो ते काय माझं घर भरलेलं होतं म्हणून?"

मला यावर काही बोलता आलं नाही.

सुगरण_नाही_मी

बाप रे.

चहाटळ

मी चहा खाली ठेवला.

आडमुठा

हेच मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, फक्त मला असं सांगता आलं नसतं.

कृष्णाकाठचा_गडी

सुभेदार एक नंबर माणूस. पण त्यांचं दुखणं ७२ चं हाय. फलक ७१ चा हाय.

निवृत्त_हवालदार

गडी नेमकं बोलला. फलकाचा मथळा काय आहे ते आधी सांगा. 'गावाचे वीर' असं लिहिणार असाल तर सुभेदारसाहेब बरोबर, मग अख्ख्या माणसाचा हिशेब होणार. '१९७१ च्या युद्धात सेवा केलेले ग्रामस्थ' एवढंच असेल, तर ती नोंद आहे. नोंद खरी किंवा खोटी असते.

आणि एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. ते ७१ ला खरंच पूर्वेकडे होते याला पुरावा काय? ७१ ची पदकं जवानांपर्यंत पोचायला वेळ लागला. ७२ ला पळालेल्याच्या हातात पदक असायची शक्यता नाही. गावोगाव 'आमचा म्हातारा ढाक्याला होता' म्हणणारे खूप आहेत.

माणगंगा

@हवालदार काका, बरोबर, पदक नाही. चुलत्यांकडे तात्यांचं एक इनलँड पत्र आहे, जानेवारी ७२ चं, घडीवर फाटलेलं. मजकूर सगळा ख्यालीखुशालीचा. म्हशीला रेडकू झालं का, धाकट्याला शाळेत घातलं का. लढाईबद्दल एकच वाक्य, आम्ही सर्व सुखरूप आहोत, काळजी करू नये. शिक्का ९९ एपीओचा आहे.

निवृत्त_हवालदार

९९ एपीओ म्हणजे पूर्वेकडचंच फौजी टपाल. पश्चिमेला ५६. कोर्टात पुरेल असं नाही, पण माझी शंका अर्धी गेली.

त्यांच्या कंपनीतलं कोणी हयात आहे का ते शोधा. खटाव, कोरेगाव, जावळी, कुठेतरी एखादा भेटेल. माजी सैनिकांच्या मेळाव्यात विचारा.

माणगंगा

मध्ये बरेच दिवस गेले, धागा वर काढतोय.

खटाव तालुक्यात एक आजोबा भेटले. तात्यांच्याच सेक्शनमध्ये होते. कानाने कमी ऐकतात, बाकी लख्ख. एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, हे नंबर एक आणि तात्या नंबर दोन, म्हणजे मॅगझिनं वाहायची आणि बदलून द्यायची. चिखलातून जाताना तात्या मॅगझिनांच्या थैल्या गळ्यात अडकवून छातीशी धरायचे, पाणी कंबरेपर्यंत आलं तरी त्या भिजू दिल्या नाहीत, असं सांगितलं. हाताने करून दाखवलं कसं धरायचे ते.

मग मी विचारलं, तात्या नंतर परत आले नाहीत तेव्हा पलटणीत काय बोलले? म्हणाले, "लई शिव्या घातल्या. मी सगळ्यात जास्त घातल्या. नवा नंबर दोन मिळाला तो भित्रा होता."

फलकाचं विचारलं. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "लिहा की. पर माझं नाव असंल तर माझ्या खाली लिहा. त्यो नंबर दोनच होता."

त्यांचं गाव वेगळं आहे, त्यांचं नाव आमच्या फलकावर येणार नाही हे सांगितलं. तरी तेच म्हणाले.

सुगरण_नाही_मी

हे आजोबा मला फार आवडले.

आडमुठा

ठीक आहे. मथळा हवालदार काका म्हणतात तसा असेल तर माझी हरकत नाही. पण मग फलकावरच्या कोणाच्याही नावापुढे 'वीर' लावू नका. एकाला लावायचं आणि एकाला नाही, हे नको.

वकीलीणबाई

आणि तात्यांच्या नावापुढे कंसात 'फरार' लिहा असं कोणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. बाकीच्यांपैकी कोणाचं नंतर काय झालं तेही कंसात लिहिणार आहेत का? दारूपायी नोकरी गेलेला एखादा असेलच यादीत.

माणगंगा

आहे. दोन आहेत. त्यातला एक कमिटीत आहे.

चहाटळ

चहा परत उचलला.

माणगंगा

कमिटीची बैठक झाली. मथळ्यातला 'वीर' काढायला अध्यक्ष तयार नव्हते, बाकीच्यांनी तयार केलं. नावाबद्दल ते म्हणाले, मला कोणाची तोंडी साक्ष नको आणि फाटकं पत्र नको. रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी आलं, की हा माणूस ७१ ला पूर्व आघाडीवर हजर होता, तर मी नाव अडवणार नाही. खाली-वर मात्र हुद्द्याप्रमाणे. चुलते म्हणतात, एवढ्या वर्षांनी आणि बडतर्फ माणसाचं कोण लिहून देणार? दगडवाला दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणालाय.

निवृत्त_हवालदार

बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेकॉर्ड्सला अर्ज करा. अर्ज मुलाच्या नावाने हवा, सोबत मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. फरारीची गोष्ट लपवू नका, त्यांच्या कागदात आहेच. पेन्शन किंवा पैसे मागत नाही, फक्त १९७१ मधल्या हजेरीची नोंद हवी आहे, हे पहिल्याच ओळीत लिहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र जोडून पाठवलंत तर बरं. आणि आर्मी नंबर लागेल. नुसत्या नावावर काही सापडत नाही, एकेका नावाचे ढीगभर शिपाई असतात. इनलँडच्या मागे पाठवणाऱ्याच्या जागी बघा, जवान नंबर घातल्याशिवाय पत्र टाकत नाही.

माणगंगा

आहे! नंबर, शिपाई, नाव, कंपनी, सगळं. शेवटचा आकडा घडीत गेलाय, तो ३ आहे की ८ ते कळत नाही. दोन्ही लिहून अर्ज टाकतो सोमवारी.